शाळेपुढचा वेग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी रस्त्यावरच्या सूचनांविषयी चार शब्द बोलणार आहे. हा विषय बायकांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ज्यांची मुले रोज रस्ता ओलांडून शाळेत जातात, त्यांचा तो नाही तर कोणाचा?

आधी वेगाचा हिशेब पाहू. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात आठ मीटर पुढे जाते. मूल दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंदभर तरी जातोच. अशी गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मीटरांत थांबते. वेग ६० केला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. एकूण सुमारे ४० मीटर लागतात. चेंडूमागे धावणारे मूल एवढे अंतर कोठून देणार? म्हणूनच २०२० साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने, जेथे पायी चालणारे आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असे सांगितले.

शाळेजवळ लाल कडेची त्रिकोणी पाटी असते. पण रोजची पाटी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरासारखी होते. दिसते, पण कोणी वाचत नाही. म्हणून काही ठिकाणी शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरताच पिवळा दिवा उघडझाप करतो. दुसरे साधन म्हणजे वेग दाखवणारा फलक. त्यातून निघालेल्या लहरी गाडीवर आपटून परत येतात. गाडी चालती असल्यामुळे त्यांची कंपने बदलतात आणि त्यावरून वेग काढून तो मोठ्या आकड्यांत झळकतो. दंड नाही, शिट्टी नाही. पण आपला आकडा चारचौघांत दिसला, की माणूस आपोआप हात आवरतो.

आपल्याकडे काही मंडळी म्हणतात, विटा-सिमेंट आणून आपणच गतिरोधक घालू. तसे करू नये. इंडियन रोड काँग्रेसच्या १९८८ च्या नियमांत गतिरोधकाचे माप दिले होते: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आणि ४० मीटर अलीकडे सूचनेची पाटी. घरगुती उंचवटा अरुंद आणि उभा होतो. त्यावर पांढरे पट्टे नसतात. रात्री तो दिसला नाही, तर स्कूटरवर मागे बसलेली बाई लेकरासकट खाली पडते. मुलांना वाचवायला निघून दुसऱ्याचे मूल पाडायचे काय?

आणखी एक कडू गोष्ट. सकाळी शाळेपुढे घाईने येणाऱ्या गाड्या कोणाच्या असतात? पुष्कळशा आपल्या घरच्याच. डबा उशिरा झाला, की वेग वाढतो. तेव्हा फलक लागेल तेव्हा लागो. पाच मिनिटे आधी निघण्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

माझी मंडळाला विनंती अशी: नगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे सह्यांचा अर्ज द्यावा, पुसलेले पट्टे रंगवून, मापाचा गतिरोधक आणि वेळेपुरता दिवा मागावा, आणि झाडाच्या फांदीआड गेलेली पाटी मोकळी करून घ्यावी. अर्जाची पोच घेऊन महिन्याने पुन्हा विचारायला जावे. मी सोबत येईन.