"माझं काय चुकलं रे?"

आज थोडं वेगळं बोलूया.

माझे आबा शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये सारखं विचारायचे, "माझं काय चुकलं रे?" आम्ही म्हणायचो, "असं बोलू नका आबा, बरे व्हाल तुम्ही." ते गप्प व्हायचे. आम्हाला वाटायचं, धीर दिला. खरं तर त्यांचं बोलणंच आम्ही बंद केलं होतं.

सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्या सांगायच्या, मरणाच्या दारातल्या माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं. मन दुखतं, घरच्यांची काळजी असते, आणि 'हे माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्नही असतो. या शेवटच्या दुखण्यावर गोळी नाही.

म्हणून ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांत चॅप्लिन असतात. ख्रिश्चन, मुस्लिम, हिंदू, आणि कुठलाच धर्म न मानणारेसुद्धा. रुग्णाला हवी असेल तर प्रार्थना करतात. पण मुख्य काम म्हणजे शेजारी बसून ऐकणं. उपदेश नाही.

आपल्याकडे वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांसाठी. पण बहुतेक वॉर्डांत असं ऐकायला कोण असतं? आपणच.

तेव्हा पुढच्या वेळी फोन खिशात ठेवा. खुर्ची जवळ ओढा. विचारा, "मनात काय चाललंय?" आणि मग गप्प बसा. उत्तर आपल्याकडे नसलं तरी चालतं.

आबांना मी हे विचारलं नाही. तुम्ही विचारा. भेटू पुढच्या भागात!