यंत्र पुरे, आता गाणं

तबकडीप्रेमी मित्रहो,

प्रथेप्रमाणे अधिवेशनाच्या अध्यक्षाने नव्या यंत्रांचा आढावा घ्यायचा असतो. तो पुस्तिकेत छापला आहे, सवडीने वाचा. माझ्या मनात बरीच वर्षं साठलेलं आज बोलणार आहे.

माझी हयात ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेली. माझ्याकडे आलेली पुष्कळ यंत्रं ठणठणीत असत. मालकाची तक्रार एवढीच, की आवाजात काहीतरी कमी आहे. डोंबिवलीचे एक गृहस्थ असेच दरवेळी नवा, आणखी ताकदीचा ॲम्प्लिफायर घेत. डग्गा घुमतो, बोल कळत नाहीत, म्हणत. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. खोली बारा फूट लांब, गुळगुळीत फरशी, स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेले. अशा खोलीत 47 हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीला, 94 च्या आसपास, हवा घुमते, आणि डग्ग्याचा आवाज बऱ्याचदा त्याच टापूत असतो. त्याला ॲम्प्लिफायर काय करणार? 50 वॅटचे 100 केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल. मी स्पीकर पुढे ओढले, खाली जाड सतरंजी घातली, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं आणि मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी चढवली. ती त्या गृहस्थांकडे कित्येक वर्षं होती. बाजू संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा राग कोणता हो?" यंत्राबद्दल एक शब्द नाही!

मित्रहो, थांबायची वेळ ती. तंबोऱ्याची जवारी सुटी ऐकू येते, गायकाचा श्वास कळतो, डग्ग्याची मींड सापडते, आणि तुमचा प्रश्न यंत्रावरून रागावर येतो. त्यापुढे खर्च केलेला पैसा गाण्याच्या वाट्याचा आहे.

वाल्व्ह की ट्रान्झिस्टर, तबकडी की सीडी, या वादांत आपली अधिवेशनं संपतात. केबलचा वाद तर मी माझ्यापुरता केव्हाच मिटवला. एका बैठकीत महागडी आणि साधी केबल चादरीखाली झाकून आलटून पालटून जोडली. हिरिरीने भांडणाऱ्या जाणकारांना ओळखता आली नाही. सीडी 1982 साली आली तीच 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज धरणारी, आणि आपल्यापैकी साठी उलटलेल्यांना 12,000 च्या वरचं फारसं ऐकू येत नाही. मग आणखी वरचं कुणासाठी विकत घेता?

गाण्याला भारी यंत्र लागतंच असं नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान भोंग्यात गायल्या. तेव्हा मुद्रणासाठी मायक्रोफोन नव्हता. विजेवरचं मुद्रण 1925 नंतरचं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका दुकानात वाजत होती, ती ऐकून भीमसेन जोशी नावाचा मुलगा 1933 साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. त्या दुकानातला ग्रामोफोन आज तुमच्यापैकी कुणी घरात ठेवणार नाही. मला राग येतो तो याचाच, की आपल्याकडे लाखांची यंत्रं आहेत आणि त्यांवर वाजतात चाचणीच्या त्याच चार तबकड्या. तरुण गायकाच्या बैठकीला मात्र खुर्च्या रिकाम्या.

पुढच्या वर्षासाठी दोन कामं सुचवतो. खोली कशी लावावी याची छोटी मराठी पुस्तिका निघावी; कुणीतरी पुढे या, मी जमेल तेवढी मदत करीन. आणि यंत्रावरचा वाचलेला पैसा बैठकांकडे वळवता येईल अशी काही सोय व्हावी. तपशील कार्यकारिणीने ठरवावा.

दुपारच्या सत्रात तीन केबलांची तुलना ठेवली आहे. अध्यक्ष या नात्याने ती मी रद्द करतो. त्या वेळात गायिका केसरबाईंच्या तबकड्या लागतील, सभागृहातल्या याच स्पीकरांवर. ज्यांना केबलच ऐकायच्या आहेत, त्यांनी बाहेर चहा घ्यावा.