उत्सवानंतरचें कर्तव्य



ज्युबिलीचा हा मंगल दिवस परमेश्वरानें आम्हांस दाखविला, याबद्दल त्याचे उपकार मानावे तितके थोडेच. परंतु देऊळ दिव्यांनीं उजळलें, एवढ्यानेंच आमचा धर्मग्राम उजळला काय?

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरु नव्हते. फ्रान्सिस्कन संघांतील ते एक साधे बंधु होते. अवगत असलेली जपानी भाषा त्यांनीं दुभाषी होऊन प्रभूच्या सेवेस लावली, आणि १५९७ सालीं नागासाकी येथें क्रूसावर प्राण अर्पण केले. जवळ जें होतें, तें त्यांनीं दिलें.

आम्हांपाशीं कांहींच नाहीं काय? कोणापाशीं विद्या आहे, कोणापाशीं सवड, कोणाच्या अंगीं बळ. तरी मिस्सा संपतांच लगबगीनें घरीं परतणारे आम्ही, शेजारच्या आजाऱ्याचा उंबरठा कितीदां ओलांडतों? सर्व कांहीं धर्मगुरूंनीं करावें व आम्हीं पाहत राहावें, हें ख्रिस्तसभेचें स्वरूप नव्हे. संत पौलानें आम्हांस एकाच देहाचे अवयव म्हटलें आहे.

म्हणून या ज्युबिलीवर्षीं प्रत्येक कुटुंबानें एक दुःखी वा दुरावलेलें घर आपलें मानावें. प्रभु येशू आम्हांस तशी बुद्धि देवो. आमेन.