गणपतीआधीचा रंग



श्रावण अर्धा सरला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत घरोघरी रंगाचे डबे दिसू लागतात. गणपती येणार, मुंबईची माणसे येणार, घर नीटनेटके दिसले पाहिजे. पण नेमक्या याच दिवसांत आपली भिंत वर्षातली सर्वांत ओली असते. जूनपासून ती पाणी पीत आलेली असते आणि हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. अशा भिंतीवरची काळीहिरवी बुरशी फडक्याने पुसून वर प्लास्टिक रंगाचे दोन हात मारले, तर सण निभावतो. मग रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि खालून तीच बुरशी पुन्हा डोके काढते. रंगाने ओल कोंडली गेलेली असते, त्यामुळे पुढची दुरुस्तीही अवघड होते.

बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. कितीही पुसा, ते संपणार नाहीत. त्यांना खायलाही फार लागत नाही. धूळ, कापूस, कागद, प्लायवूड, रंगातला चिकट अंश, काहीही चालते. नसले तर अडते ते फक्त पाणी. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत खडखडीत वाळली, तर बुरशी सहसा धरत नाही.

हे आपल्या किनाऱ्याने २०२० साली फार कठोरपणे अनुभवले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकले. कौले उडाली, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पाठोपाठ मोसमी पाऊस आला. छप्पर नाही आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नाही, म्हणजे पंखा लावून वाळवण्याचीही सोय नाही. गाद्या, कपाटे, शाळेची पुस्तके, देवघरातल्या पोथ्या, सगळे उघड्यावर भिजत राहिले. पुढे छप्पर झाले, भिंतींना रंग लागला. पण जिथे भिंत वाळायला वेळच मिळाला नाही, तिथे ओल आत राहिली. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये पूर आला, तेव्हा पाण्याबरोबर चिखलही घरात शिरला. चिखल निघाला तरी भिंत आतून ओलीच राहते, आणि ती वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात.

म्हणून बुरशी दिसली की आधी पाणी कुठून येते ते शोधा. वरून गळत असेल, तर छताच्या कडेला तपकिरी डाग पडतात. पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीवर ओल असेल, तर ती बहुधा पावसाच्या झडीची. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल आणि पांढरा लोणा फुटत असेल, तर पाणी जोत्यातून वर चढते आहे. यांपैकी काहीच नसेल, तर हवेतलीच वाफ गार भिंतीवर जमते. शंका असेल तर एक सोपी परीक्षा करा. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. पाण्याचे थेंब कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे असतील तर ओल भिंतीतून येते; खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतून.

आपल्या जुन्या घरांनी या चारही वाटांचा विचार केला होता, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. खोल पडवी आणि लांब ओढलेले छप्पर यांमुळे झड भिंतीपर्यंत पोचत नसे. वाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यापुरते नारळीच्या झापांचे आडोसे बांधत. चुलीचा धूर वासे आणि रिपा कोरड्या ठेवत असे. आणि भिंत असे जांभ्या चिऱ्याची, वर चुन्याचा गिलावा. किनाऱ्यावर तो चुना शिंपले भाजूनही करत. चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो. पण चुन्यातून ते पाणी उन्हाळ्यात परत बाहेरही पडते. शिवाय ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की बुरशीला त्यावर जगता येत नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला, पाऊस उलटून ऊन तापल्यावर, घराला चुना देत, त्यामागे हे शहाणपण होते. आज आपण त्याच चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवतो. पाणी तड्यांमधून आत जाते आणि बाहेर यायला वाट उरत नाही. निसर्गनंतर कौलांच्या जागी अनेकांनी पत्रे घातले. पत्र्याखाली रात्री दव जमते, ते टपकते, आणि माळ्यावरच्या सामानाला बुरशी लागते. पत्रे घालायचेच असतील, तर आढ्याजवळ हवा जायला जागा ठेवा.

आता स्वच्छता. कोरडी बुरशी कधीही झाडू नका, त्यावर पंखा सोडू नका. त्याने बीजाणू घरभर पसरतात. आधी फवारा मारून ओली करा, मग साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, पुसा आणि वाळवा. पुसायची फडकी त्याच दिवशी फेकून द्या. नाकावर एन-९५ मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या. दमा असलेल्या माणसाला आणि लहान मुलांना तेवढा वेळ शेजारी पाठवा. फरशी किंवा टाइल्सवर ब्लीच चालते, पण गिलाव्याच्या आत ते पोचत नाही. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचे अॅसिड मिसळाल, तर क्लोरीन वायू निघतो. हे दोन कधीही एकत्र आणू नका. बंद न्हाणीघरात त्याने जीव जाऊ शकतो.

फुगलेले प्लायवूड वाचत नाही, त्यावर पैसे घालू नका. सागवानी कपाट घासून, उन्हात ठेवून वाचते. कापसाची गादी आतपर्यंत काळी पडली असेल तर ती टाकावी, नुसती खोळ बदलून भागत नाही.

२०२१ साली म्युकरमायकोसिसला सगळे ‘काळी बुरशी’ म्हणू लागले, तेव्हा भिंतीवरचा काळा डाग पाहूनही लोक घाबरले. तो आजार वेगळ्या बुरशीचा, आणि तो मुख्यत्वे अनियंत्रित मधुमेह किंवा स्टेरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना झाला. भिंतीवरच्या बुरशीने तसे होते असे नाही. पण ती निरुपद्रवीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि ओल्या घरात राहणाऱ्यांना दमा, खोकला, श्वासाचे त्रास अधिक होतात असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पावसाळाभर मुलाचा खोकला थांबत नसेल, तर त्याच्या पलंगामागची भिंत एकदा पाहा.

मग या गणपतीला काय करायचे? मखराची भिंत साबणाने धुऊन, पंख्याने वाळवून तिथे धुतलेला पडदा लावा. उघड्या चिऱ्याला किंवा जुन्या चुन्याच्या भिंतीला चुन्याचा एक हात द्यायला हरकत नाही. प्लास्टिक रंगावर मात्र चुना टिकत नाही. मोठे काम कार्तिकानंतर काढा. बोटाच्या टकटकीला पोकळ वाजणारा गिलावा पूर्ण काढा. लोणा पाण्याने धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडून काढा, कारण पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत जातात. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवलीत तर उत्तम. चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधा, आणि गिलाव्यात खाडीची किंवा समुद्राची वाळू येऊ देऊ नका. तिच्यातले मीठ हवेतली ओल ओढत राहते. वैशाखात कौले चाळून फुटकी बदला, पन्हळी साफ करा, जोत्यालगतचा उतार घरापासून दूर जाईल असा करा.

चाकरमान्यांना एक विनंती. जूनमध्ये कुलूप लावून गणपतीत उघडलेले घर सर्वांत जास्त बुरसटते. निघताना कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, त्यांची दारे उघडी ठेवा, गाद्या जमिनीवरून उचलून उभ्या करा. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या, आणि पाऊस उघडेल त्या दुपारी समोरासमोरच्या दोन खिडक्या तासभर उघडायला सांगा.