चाळिशीतला कुंचला
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. मुलीने वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात एका जर्मन बाईंची हकीकत वाचली, तीच सांगते.

आना दोरोतेआ यांचा जन्म १७२१ साली बर्लिनला झाला. वडील गेओर्ग लिसिएव्स्की माणसांची हुबेहूब चित्रे काढीत. त्या काळी मुलींना कलाशाळेत सहसा प्रवेश नसे. वडिलांनी घरीच शिकवले. बहीण आना रोझिना आणि भाऊ हेही चित्रकारच झाले.

१७४२ साली बाईंचे लग्न झाले. यजमान टेरबुश यांची खानावळ होती. मुलेबाळे, आल्यागेल्याचे जेवणखाण, यांत सुमारे अठरा वर्षे कुंचला जवळजवळ बाजूलाच राहिला. भगिनींनो, हे आपल्याला समजावून सांगायला नको!

पण चाळिशीच्या सुमारास बाईंनी तो पुन्हा हाती घेतला. १७६१ साली श्टुटगार्टच्या ड्यूकच्या दरबारी काम मिळाले. पुढे त्या पॅरिसला गेल्या. तिथे १७६७ साली राजाच्या कला-अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. त्यासाठी त्यांनी दिलेले चित्र म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात हातात पेला घेतलेला एक माणूस. दिदरो या प्रसिद्ध लेखकाने लिहिले, की या बाईंपाशी गुण आहेत, उणीव आहे ती तारुण्याची आणि रूपाची. पुरुष चित्रकाराचे रूप कोणी पाहिले असते का? पॅरिसमध्ये बाईंना कर्ज झाले. त्या बर्लिनला परतल्या, पण काम सोडले नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी स्वतःचे चित्र काढले. त्यात डोळ्यावर भिंग आहे, हातात पुस्तक आहे. वय लपवलेले नाही. ते चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे.

शाळेत मलाही चित्रकलेचे बक्षीस मिळाले होते. लग्नानंतर रंगांची पेटी ट्रंकेत गेली. गेल्या महिन्यात उघडली, तर रंगांचे खडे झालेले. नवे आणले. घरात सगळे हसले, मीही हसले. पण हात अगदीच विसरला नव्हता.

बाईंचाही हात विसरला नाही, कारण लहानपणी बापाने नीट शिकवले होते. म्हणून एवढेच मागणे आहे. मुलींना जे शिकवाल ते मनापासून शिकवा, आणि आपल्या ट्रंकेत काय पडले आहे तेही एकदा उघडून पाहा.