यादीत नसलेली मुले

(वैद्यकीय समाजसेवकांच्या राज्य अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)

मागच्या रांगांमध्ये बसलेल्या आशाताई व अंगणवाडीताई,

तुम्ही मागे बसला आहात याचे मला वाईट वाटते, कारण आजचे बहुतेक बोलणे तुमच्याच कामाबद्दल आहे. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. कृपा करून पुढे या.

पदोन्नती, रिक्त जागा, वेतनश्रेणी हे आपले प्रश्न खरे आहेत आणि दुपारच्या सत्रात ते मांडले जातील. मी मात्र एकाच विषयावर बोलणार आहे. सरकारी आरोग्य योजनेचा पूर्ण हक्क असूनही जी मुले तिच्याबाहेर राहतात, त्यांना आत कसे आणायचे आणि ते कोणी करायचे?

थोडा मागचा हिशेब. 2008 साली राष्ट्रीय स्वास्थ्य बिमा योजना आली. वर्षाला 30 हजार रुपयांचे संरक्षण आणि एका कुटुंबातले जास्तीत जास्त पाच जण. नवरा, बायको आणि आणखी तिघे. चार मुले असली, किंवा म्हातारी आई घरात असली, की कोणाचे तरी नाव गाळावे लागे. नाव कोणाचे गाळले जाई, हे तुमच्यापैकी त्या काळात काम केलेल्यांना मी सांगायला नको. 2012 मध्ये आपल्या राज्यात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, 2017 पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, 2020 मध्ये दोन्ही जोडल्या गेल्या. 2023 च्या जुलैत शासननिर्णय निघाला : संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर, आणि पिवळे, केशरी, पांढरे रेशनकार्ड असा भेद न ठेवता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लाभ. कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर आता मर्यादा नाही. आधीपासूनचा आजारही चालतो. कागदावर पाहिले तर महाराष्ट्रातले एकही मूल आज उघड्यावर नाही.

अडचण इथेच सुरू होते. योजना सगळ्यांची आहे असे एकदा ठरले, की राहिलेल्यांना शोधायला कोणी निघत नाही. आपल्याकडे नोंदणीची खरी वेळ येते ती मूल खाटेवर असताना. एका हाताला सलाईन, बाप योजनेचे कागद पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर उभा, आणि रेशनकार्डावर मुलाचे नावच नाही. आयुष्मानच्या मूळ याद्या 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवरून तयार झाल्या. त्यानंतर जन्मलेले मूल त्या यादीत असणारच नव्हते, त्याचे नाव कोणीतरी मागून घालावे लागते. ज्या वयाला शस्त्रक्रियेची गरज सर्वांत नाजूक वेळी पडते, नेमके तेच वय यादीच्या बाहेर जन्माला आले आहे.

आता ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे पाहू. बीड, जालना, अहिल्यानगरच्या भागातून दसऱ्याच्या आसपास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा कोयता ठरलेला असतो, आणि लहान मुले सोबत जातात, कारण त्यांना मागे ठेवायला कोणी नसते. समजा जानेवारीत कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, एक मूल जन्मले. गाव बीड जिल्ह्यात, कोपी कोल्हापूर जिल्ह्यात किंवा त्याही पलीकडे कर्नाटकात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच व्हावी लागते आणि 21 दिवसांत व्हावी लागते. त्या 21 दिवसांत टोळी कदाचित दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते. आई बाळंतपणातून उठून पुन्हा मोळ्या बांधायला लागलेली असते. ग्रामपंचायत कोणती, ग्रामसेवक कोण, हे त्या घराला माहीत नसते. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडतो, माणसे गावी परततात, आणि गावचा ग्रामसेवक बरोबरच सांगतो की ही नोंद माझ्याकडे होणार नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ज्या बाईला कोपीवरून कारखान्याच्या दवाखान्यापर्यंत जायला एक दिवसाची मजुरी सोडावी लागते, तिने हा आदेश कुठून आणावा?

जन्माचा दाखला नाही, म्हणून आधारला अडचण. आधार नाही, म्हणून रेशनकार्डात नाव वाढत नाही. रेशनकार्डात नाव नाही, म्हणून आयुष्मान कार्ड नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचे निळे आधार बोटांच्या ठशांशिवाय निघते, पण पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे द्यावेच लागतात. ते दिले नाहीत की पुढच्या पडताळणीत खोळंबा. यातला एकही नियम मुद्दाम कोणाला वगळण्यासाठी केलेला नाही, हे मी मान्य करतो. प्रत्येक नियमामागे कारण आहे. पण हे सगळे नियम असे गृहीत धरतात की घर एका जागी आहे आणि घरातल्या कोणाला तरी सकाळी अकरा वाजता तहसीलच्या पुरवठा शाखेत उभे राहायला सवड आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला ती सवड नाही. पुलाखाली राहणाऱ्या, बांधकामावरून बांधकामावर फिरणाऱ्या कुटुंबालाही नाही.

आणि मुलाचे शरीर थांबत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट जितक्या लवकर मिळेल तितकी भाषा त्याला लाभते. वाकड्या पायांवर पहिल्या काही महिन्यांत प्लास्टर सुरू झाले तर मोठी शस्त्रक्रिया टळते. हृदयाच्या काही छिद्रांत उशीर झाला की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवरचा दाब इतका वाढतो की शस्त्रक्रिया करण्याजोगी उरत नाही. हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. प्रत्येक तालुक्यात अशी मुले आहेत. एका जिल्हा रुग्णालयात मी अशी एक मुलगी पाहिली आहे. तिच्या दोषाचे निदान अंगणवाडीतच झाले होते, चिठ्ठी आईने पोलक्याच्या घडीत जपून ठेवली होती, आणि तरी मधली दोन वर्षे रेशनकार्डात नाव वाढवण्यात गेली. जन्माचा दाखला असता तर पालकासोबतच्या फोटोवर मार्ग निघाला असता. ते त्या आईला कोणी सांगितलेच नव्हते. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचे काम चिठ्ठीशी संपले होते आणि आरोग्यमित्राचे काम ती टेबलाशी आल्यावर सुरू होणार होते. मधली दोन वर्षे कोणाच्याच कामात बसत नव्हती.

मुले शोधण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरला झाली. पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. हे जगात कुठेही अभिमानाने सांगावे असे काम आहे. मुले सापडतात. सापडलेल्या मुलाचा कागद पूर्ण करून त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचवणारा एकच माणूस मात्र ठरलेला नाही. मला या अधिवेशनापुढे जे मांडायचे आहे ते हेच : प्रत्येक सापडलेल्या मुलामागे, त्याचे कार्ड निघून उपचार होईपर्यंत, नावानिशी जबाबदार असा एक माणूस हवा. आणि तो माणूस शक्यतो त्याच वस्तीतला हवा.

हे मी केवळ भावनेने म्हणत नाही. अमेरिकेत 1997 साली मुलांसाठी स्वतंत्र सरकारी विमा योजना आली. गरिबांच्या मेडिकेड योजनेत न बसणारी पण खाजगी विमा न परवडणारी कुटुंबे तिच्यासाठी धरली होती. योजना आली, पैसा आला, जाहिराती झाल्या, आणि तरी विमा नसलेल्या मुलांतला मोठा हिस्सा पात्र असूनही बाहेरच राहिला. मग बोस्टनमध्ये डॉ. ग्लेन फ्लोरेस यांनी लॅटिन अमेरिकी घरांतल्या 275 मुलांवर एक अभ्यास केला, तो 2005 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांना नेहमीचा सरकारी प्रचार, आणि उरलेल्यांच्या सोबत त्यांचीच भाषा बोलणारी, वस्तीत काम करणारी एक कार्यकर्ती. तिने अर्ज भरायचा, कार्यालयाशी बोलायचे, अर्ज नाकारला तर भांडायचे, आणि मूल योजनेत येईपर्यंत सोडायचे नाही. नेहमीच्या गटात 57 टक्के मुलांना विमा मिळाला. कार्यकर्ती सोबत असलेल्या गटात 96 टक्के मुलांना मिळाला.

दहा-अकरा वर्षांनी त्यांनीच डॅलसमध्ये पुढचा प्रयोग केला. या वेळी कार्यकर्त्यांच्या जागी आई-बाप होते. ज्यांनी स्वतःच्या मुलासाठी ही योजना मिळवली होती अशा पालकांना थोडे प्रशिक्षण आणि मानधन देऊन दुसऱ्या पालकांना जोडून दिले. 95 टक्के मुले योजनेत आली, नेहमीच्या गटात 68 टक्के. वेळही निम्म्याहून कमी लागला. ज्या बाईने स्वतःच्या लेकरासाठी तहसीलचे जिने झिजवले आहेत, तिला कोणत्या टेबलावर काय विचारतात हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. आणि दुसरी आई तिच्यासमोर लाजत नाही.

त्याच देशाने आणखी दोन धडे दिले आहेत. लुइझियाना राज्याने 2010 साली अन्नमदत घेणाऱ्या कुटुंबांच्या याद्यांवरूनच दहा हजारांहून जास्त मुलांना आरोग्य योजनेत घेतले. घर गरीब आहे हे एका खात्याने तपासले असेल तर दुसऱ्या खात्याने तेच पुन्हा का विचारावे? आणि दुसरा धडा दुःखाचा आहे. कोविडच्या काळात तिथे मेडिकेडमधून कोणालाही काढायचे नाही असा नियम होता. तो 2023 मध्ये संपला आणि फेरतपासणीत अडीच कोटींहून जास्त माणसे बाहेर गेली. त्यातली दोन तृतीयांशाहून अधिक अपात्र ठरली म्हणून गेली नाहीत. कागद वेळेत आला नाही, पत्र जुन्या पत्त्यावर गेले, फॉर्म अर्धा राहिला, अशा कारणांनी गेली. त्यांत लाखो मुले होती. म्हणजे एकदा नाव घालून भागत नाही, ते टिकते आहे का हेही कोणीतरी पाहत राहावे लागते.

आपल्याकडे अंगणवाडीची नोंद आहे, शाळेच्या सरल पोर्टलची नोंद आहे, रेशनची ऑनलाइन यादी आहे. या तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर कोणत्या गावात कोणत्या मुलाचे नाव रेशनकार्डात नाही हे पाहायला अर्ज मागवावेच लागणार नाहीत. हे काम आईच्या डोक्यावर टाकण्याऐवजी शासनाने स्वतःच्या डोक्यावर घ्यावे, अशी मागणी आपण स्पष्ट शब्दांत केली पाहिजे.

कार्डवाटपाच्या शिबिरांबद्दल मला थोडे कठोर बोलायचे आहे. मांडव, बॅनर, पाहुणे, आणि संध्याकाळी इतकी कार्डे वाटली असा आकडा. त्या दिवशी शिबिराला आलेली मुले बहुतेक अशा घरांची असतात ज्यांचे कागद आधीच धड आहेत. राहिलेल्यांचा आकडा कोणत्याही अहवालात मागितला जात नाही. तो मागितला जावा. तालुक्यात किती कार्डे वाटली याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा : किती मुले अजून बाहेर आहेत, आणि कोणत्या कागदासाठी अडली आहेत.

कार्ड म्हणजे उपचार नव्हे, हेही मी विसरलेलो नाही. योजनेतले रुग्णालय शंभर किलोमीटरवर असेल तर जायचे भाडे, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, घरी ठेवलेल्या भावंडांचे जेवण, हे सगळे उरतेच. तातडीच्या वेळी फोनवर मान्यता घेऊन उपचार सुरू करता येतात हे माहीत नसल्याने किंवा मुद्दाम न सांगितल्याने कुटुंबाकडून आगाऊ रक्कम भरून घेतली जाते. म्हणून मी ज्या माणसाबद्दल बोलतो आहे त्याचे काम कार्ड छापून संपत नाही. मूल घरी परत येईपर्यंत ते चालू राहते.

आपली योजना ज्या महात्मा फुल्यांच्या नावाची आहे त्यांच्या घरातच या कामाचा नमुना आहे. 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या दलित वस्तीतले एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्याच सेवेत त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. दवाखाना उघडा होता, डॉक्टर पोटचा म्हणून वाढवलेला मुलगा होता. तरी त्या वस्तीत गेल्या, कारण ते पोर आपल्या पायांनी येणार नव्हते.

आता कामाचे बोलतो. गौरी-गणपतीपासून दसऱ्यापर्यंत ऊसतोडीला जाणारी घरे गावी असतात. मुलांची नावे घालण्याचा हाच काळ आहे, त्यानंतर सहा महिने ती घरे आपल्याला सापडत नाहीत. कार्यकारिणीने ठरावाचा मसुदा केला आहे. त्यात चार मागण्या आहेत : स्थलांतर करणाऱ्या गावांत दसऱ्याआधी रेशनकार्ड, जन्मनोंद आणि आधार यांची पथके एकत्र जावीत, कोपी आणि वीटभट्टीवर जन्मलेल्या बाळाची नोंद 21 दिवसांत करण्याची जबाबदारी त्या गावच्या आशाताईवर मानधनासह सोपवावी आणि कारखान्याने तिला तळांची यादी द्यावी, बाल स्वास्थ्य पथकाला सापडलेल्या प्रत्येक मुलामागे एका व्यक्तीचे नाव लिहिले जावे, आणि योजनेचा लाभ मिळालेल्या पालकांना प्रशिक्षण व मोबदला देऊन या कामात घ्यावे. मोबदल्यावर मी अडून बसणार आहे. गरीब बाईची मजुरी बुडवून तिच्याकडून सेवा करून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसऱ्या मागणीवर काही आशाताईंनी काल रात्रीच हरकत घेतली. त्यांच्यावर आधीच किती नोंदवह्या आहेत ते त्यांनी दाखवले, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्यामुळे मसुदा आहे तसा मंजूर करू नका. उद्या सकाळी साडेनऊच्या सत्रात त्या आपली दुरुस्ती मांडतील. तिच्यावर मतदान होईपर्यंत कोणी परतीची गाडी पकडू नये, एवढी विनंती करतो.