‘कल’ म्हणजे काल की उद्या?

(जबलपूर येथे गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी रुळांची देखभाल करणारा डिप्लोमा इंजिनिअर. बालशिक्षणावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझी धाकटी बालवाडीत जाते. तिथे रोज सकाळी मुले एका सुरात वार, तारीख, महिना, सन म्हणतात. ऐकायला गोड वाटते. पण परवा तिला विचारले, ‘‘आजीकडे कधी गेलो होतो?’’ उत्तर आले, ‘‘उद्या!’’

चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘सतरा तारीख’ हा नुसता आवाज असतो. त्यातून आपली मुले दिवसभर हिंदीत खेळतात. हिंदीत गेलेला दिवस ‘कल’ आणि येणाराही ‘कल’. मराठीत दोन शब्द आहेत. (‘परवा’ दोन्हीकडे चालतो, तेवढे मान्य!) ही सोय घरी आपणच वापरली नाही, तर बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही.

वार मात्र रेल्वे कॉलनीतली मुले लवकर शिकतात. बाबांची रेस्ट कुणाकडे मंगळवारी, कुणाकडे शुक्रवारी. ज्या दिवसाची वाट पाहायची, तो कळतो. उलट, बदलीच्या गावचे बाबा फोनवर ‘चार दिवसांनी येतो’ म्हणतात आणि मूल त्याच संध्याकाळपासून दाराशी बसते. चार दिवस त्याला दिसायला हवेत.

म्हणून रंगीत कागदाची साखळी करा. स्थापनेपासून अनंत चतुर्दशीपर्यंत जितके दिवस, तितक्या कड्या. पंचांग पाहून मोजा. तिथीच्या क्षय-वृद्धीने एखादा दिवस कमी-जास्त होतो. रोज आरतीनंतर मुलानेच एक कडी तोडावी. काल प्रसाद काय होता, उद्या कोण येणार, किती कड्या उरल्या, हे तेव्हा विचारावे. चतुर्थीचा चंद्र पाहू नये म्हणतात. पंचमीपासून मात्र मुलाला गच्चीवर न्या. विसर्जनापर्यंत तो रोज थोडा भरतो. भाद्रपदातले ढग त्यातले दोन-तीन दिवस खाणारच. बाबा येण्याचे दिवसही असेच मोजता येतात.

आपल्या भिंतीवर कालनिर्णय, शेजाऱ्यांकडे जबलपूरचेच लाला रामस्वरूप. एकच जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. कारण आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. तिसरी-चौथीच्या मुलांना हे जरूर सांगा. बालवाडीत मुळीच नको.

पताकांच्या उरलेल्या कागदाच्या पट्ट्या मंडपाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जाव्यात. गोंद मात्र घरचा.